निकेल तोच, मग चुंबकत्व कुठे गेलं?

रसायनशास्त्राच्या संशोधन पत्रिका चाळल्या की एक ठरावीक शीर्षक पुन्हा पुन्हा समोर येतं: ‘निकेलच्या अमुक जटिल संयुगाचं संश्लेषण, रचना आणि चुंबकत्व’. ‘अमुक’च्या जागी दीड ओळीचं, एका श्वासात न म्हणता येणारं नाव असतं. बाहेरच्या वाचकाला वाटतं, तीन सुटी कामं एकत्र बांधली आहेत. आधी पदार्थ बनवला, मग त्याचा फोटो काढला, मग हाताशी यंत्र होतं म्हणून चुंबकत्वही मोजून टाकलं. काही लेख खरोखर तसेच असतात, हे मान्य. पण चांगल्या लेखात या तीन शब्दांमागे एकच प्रश्न असतो, आणि तो प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच मजेशीर आहे.

चार पावडरी डोळ्यांसमोर आणा. पहिली हिरवी, म्हणजे बाटलीतलं साधं निकेल क्लोराइड, पाण्याचे रेणू धरून बसलेलं. दुसरी निळी, तिच्यात निकेलभोवती चार क्लोराइड आहेत. तिसरी पिवळी, तिच्यात चार सायनाइड. चौथी गडद गुलाबी-लाल, तिच्यात डायमिथिलग्लायऑक्झाइम नावाचा सेंद्रिय पदार्थ निकेलला पकडून आहे. चारही पावडरींत निकेल आहे, आणि तो एकाच अवस्थेत आहे: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. आता जोरदार चुंबक जवळ न्या. हिरवी आणि निळी पावडर चुंबकाकडे किंचित ओढली जाते. पिवळी आणि लाल उलट अगदी किंचित दूर ढकलली जाते. धातू तोच, त्यावरचा विद्युतभार तोच, इलेक्ट्रॉनांची संख्याही तीच. मग दोघांत चुंबकत्व आहे आणि दोघांत नाही, असं का?

मधला अणू आणि त्याला धरणारे

आधी ‘जटिल संयुग’ म्हणजे काय ते पाहू. मध्ये धातूचा अणू असतो. त्याच्याभोवती काही रेणू किंवा आयन आपल्याकडची इलेक्ट्रॉनांची जोडी पुढे करून त्याला धरून राहतात. या धरणाऱ्यांना लिगंड म्हणतात. पाणी, अमोनिया, क्लोराइड, सायनाइड हे सगळे लिगंड होऊ शकतात. काही लिगंड एका ठिकाणी धरतात, काही खेकड्यासारखे दोन्ही नांग्यांनी.

लिगंड किती आहेत आणि कुठे बसले आहेत, यावरून आकार ठरतो. निकेलच्या बाबतीत तीन आकार महत्त्वाचे. सहा लिगंड असतील तर चार बाजूंना चार, एक वर, एक खाली: हा अष्टफलक. चार लिगंड असतील तर दोन पर्याय. चौघे एका प्रतलात चौरसाच्या कोपऱ्यांवर बसतील, किंवा एकमेकांपासून शक्य तितके दूर सरकून चतुष्फलक करतील. अशा आकारांचा पाया आल्फ्रेड वेर्नरने 1893 मध्ये घातला, तेव्हा रेणूंच्या आत डोकावायला क्ष-किरण नव्हते. ते सापडायलाच अजून दोन वर्षं होती. रंग, एकाच सूत्राची किती वेगवेगळी रूपं मिळतात ती संख्या आणि द्रावणातून वीज किती वाहते एवढ्यावर त्याने आकार ओळखले. 1913 चं नोबेल त्याला याचसाठी मिळालं.

आठ इलेक्ट्रॉन, पाच खोल्या

दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या निकेलकडे बाहेरच्या भागात आठ इलेक्ट्रॉन उरतात, आणि त्यांना राहायला पाच जागा असतात. या जागांना ऑर्बिटल म्हणतात. आपण त्यांना खोल्या म्हणू. एका खोलीत जास्तीत जास्त दोघे. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. एका खोलीत दोघे राहिले तर त्यांचे स्पिन उलट दिशेला असावेच लागतात, त्यामुळे दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकतं. खोलीत एकटाच असेल तर त्याचं चुंबकत्व शिल्लक राहतं. म्हणजे संयुगाचं चुंबकत्व मोजणं म्हणजे किती जण एकटे राहतात हे मोजणं.

इलेक्ट्रॉनांना खोली वाटून घेणं आवडत नाही, कारण दोघांचा भार सारखा आणि ते एकमेकांना ढकलतात. पाचही खोल्या एकाच मजल्यावर असतील तर आधी सगळे एकेक खोली घेतील आणि उरलेले तिघे नाइलाजाने जोडीला जातील. तीन खोल्यांत जोड्या, दोन खोल्यांत एकेकटे. एकटा, लिगंड नसलेला निकेल आयन असाच असतो.

पण लिगंड आले की सगळ्या खोल्या एका मजल्यावर राहत नाहीत. प्रत्येक खोलीला आकार आणि दिशा असते. जिचं तोंड थेट लिगंडकडे आहे, तिथल्या इलेक्ट्रॉनाला लिगंडच्या इलेक्ट्रॉनांचा धक्का जास्त बसतो. ती खोली वर चढते, म्हणजे तिथे राहायला जास्त ऊर्जा लागते. जिचं तोंड दोन लिगंडांच्या मधल्या फटीकडे आहे ती खाली राहते.

आता तिन्ही आकार तपासा. अष्टफलकात तीन खोल्या खाली जातात, दोन वर. खालच्या तिघींत सहा जण भरतात आणि उरलेले दोघे वर एकेका खोलीत एकटे. चतुष्फलकात उलट: दोन खाली, तीन वर. खाली चौघे, वर चौघे. वरच्या तीन खोल्यांत एक जोडी आणि दोन एकटे. म्हणजे दोन्ही आकारांत एकटे दोनच.

चौरसाची गोष्ट निराळी. वरचा आणि खालचा लिगंड नाही, त्यामुळे त्या दिशेची खोली खाली उतरते. उलट चारही लिगंडांकडे थेट तोंड करून असलेली एक खोली फार उंच जाते. इतकी, की तिथे चढण्यापेक्षा खाली जोडीने राहिलेलं परवडतं. चार खोल्या, आठ जण, सगळे जोडीत. एकटा कुणीच नाही, म्हणून चुंबकत्व नाही.

पिवळ्या आणि लाल पावडरींतला निकेल चौरसात आहे. हिरव्यातला अष्टफलकात, निळ्यातला चतुष्फलकात. कोडं इथे सुटतं. अशा एकट्या इलेक्ट्रॉनांमुळे चुंबकाकडे किंचित ओढल्या जाणाऱ्या पदार्थांना समचुंबकीय म्हणतात आणि सगळे जोडीत असल्याने किंचित ढकलल्या जाणाऱ्यांना प्रतिचुंबकीय. यापुढे हे दोनच शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

चौरस की चतुष्फलक, हे कोण ठरवतं?

लिगंडची ताकद आणि लिगंडचं आकारमान यांची ओढाताण. सायनाइड इलेक्ट्रॉनांना फार जोरात ढकलतो, त्यामुळे ती एक खोली उंच जाते आणि चौरस फायद्याचा ठरतो. क्लोराइडचा धक्का कमकुवत, शिवाय चार क्लोराइड एकमेकांनाही दूर लोटतात. ते चतुष्फलकात सुटे सुटे बसणं पसंत करतात. मधल्या ताकदीच्या लिगंडांबरोबर मात्र निकेलचं मन ठरत नाही. दोन क्लोराइड आणि दोन फॉस्फिन (फॉस्फरसने धरणारे लिगंड) घ्या. फॉस्फिनवर तीन फेनिल गट असतील तर चतुष्फलक, समचुंबकीय. त्याऐवजी तीन सायक्लोहेक्झिल गट लावले की चौरस, प्रतिचुंबकीय. बेंझिल-डायफेनिल फॉस्फिन आणि ब्रोमाइडच्या एका संयुगात तर एकाच स्फटिकात दोन्ही आकारांचे रेणू शेजारी शेजारी बसलेले सापडतात.

लिफशिट्झ या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षारांचंही असंच. काही डायअमीन निकेलला चौरसात धरतात; तेव्हा संयुग पिवळं आणि प्रतिचुंबकीय असतं. पाण्याने किंवा ऋणआयनाने वरून-खालून दोन जागा भरल्या की तेच संयुग निळं आणि समचुंबकीय होतं. एकेकाळी या रंगबदलाने भल्याभल्यांना चकवलं होतं.

‘पण निकेल तर लोखंडासारखा चुंबकाला चिकटतो ना?’

निकेल धातू चिकटतो, हे खरं. पण धातूतलं चुंबकत्व हे असंख्य अणूंचं सामूहिक काम आहे. तिथले इलेक्ट्रॉन अणूंमध्ये वाटले जातात आणि शेजारच्या अणूंचे स्पिन एकाच दिशेला रांग धरतात, चुंबक काढून घेतला तरी. याला लोहचुंबकत्व म्हणतात. निकेल सुमारे 355 अंश सेल्सिअसच्या वर तापवला की ही रांग मोडते आणि धातूसुद्धा साधा समचुंबकीय होतो.

जटिल संयुगात प्रत्येक निकेल लिगंडांच्या कोंदणात एकटा बसलेला असतो आणि पुढचा निकेल बराच दूर. रांग धरायला शेजारीच नाही. म्हणून हिरवी पावडर फ्रिजवरच्या चुंबकाला चिकटणार नाही. तिची ओढ जाणवायला संवेदनशील काटा लागतो. दोन निकेल मुद्दाम जवळ आणले तर काय होतं, हा प्रश्न मात्र खरा, आणि त्याच्याकडे आपण थोड्या वेळाने येणारच आहोत.

परीक्षानळीतलं काम

संश्लेषण हा शब्द भारदस्त आहे, पण निकेलच्या बाबतीत निम्मं काम डोळ्यांना दिसतं. निकेल क्लोराइड पाण्यात विरघळवलं की द्रावण हिरवं. सहा पाणी निकेलभोवती बसलेले. अमोनिया ओतत गेलं की आधी हिरवट गढूळपणा येतो, मग तो विरघळतो आणि द्रावण निळं होतं: पाण्याच्या जागी अमोनिया आले. अमोनियाऐवजी इथिलिनडायअमीन घातलं तर निळ्यावरून जांभळ्यावर जातं. हा रेणू दोन टोकांनी धरतो, त्यामुळे एक टोक सुटलं तरी दुसरं पकडून असतं आणि सुटलेलं टोक परत येऊन बसतं. म्हणून त्याची पकड अमोनियापेक्षा कितीतरी घट्ट.

रंग बदलतो, कारण लिगंड जितका जोराने ढकलतो तितकं वरच्या आणि खालच्या खोल्यांमधलं अंतर वाढतं. ते अंतर चढायला लागणारी ऊर्जा संयुग प्रकाशातून घेतं. अंतर वाढलं की शोषलेल्या प्रकाशाचा रंग बदलतो आणि आपल्याला दिसणारा उरलेला रंगही.

सगळ्यात देखणी अभिक्रिया डायमिथिलग्लायऑक्झाइमची. निकेलच्या हिरव्या द्रावणात थोडा अमोनिया घालून त्याला निळसर करायचं आणि या पदार्थाचं अल्कोहोलमधलं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. पहिला थेंब पडतो तिथेच लाल धूर उमटल्यासारखा होतो आणि काही क्षणांत नळीभर कापसासारखा फुगलेला लाल साका तयार होतो. लेव चुगायेव या रशियन रसायनशास्त्रज्ञाने ही अभिक्रिया 1905 मध्ये मांडली. साका गाळून, वाळवून, वजन करायचं. त्यातला निकेल वजनाच्या सुमारे 20.3 टक्के असतो, त्यामुळे मिश्रधातूत किती निकेल होता हे सरळ गुणाकाराने निघतं. कित्येक पिढ्या रसायनशास्त्राचे विद्यार्थी या लाल साक्यावर हात बसवत आले आहेत. (निकेलची संयुगं विषारी असतात, काही कर्करोगकारकही. हे प्रयोगशाळेतच, हातमोजे घालूनच करायचं. सायनाइडचं तर बोलायलाच नको.)

नवं संयुग बनवताना अभिक्रिया हा सोपा भाग असतो. अवघड आहे ते चांगला स्फटिक मिळवणं. द्रावण सावकाश आटू द्यायचं, किंवा ज्यात संयुग विरघळत नाही अशा द्रवाची वाफ हळूहळू त्यात मिसळू द्यायची, आणि वाट पाहायची. घाई केली की पावडर मिळते. मिलिमीटरचा काही दशांश एवढा स्वच्छ स्फटिक मिळाला तर क्ष-किरणांनी प्रत्येक अणूची जागा काढता येते. त्यातून बंधांची लांबीही कळते, आणि ती फार बोलकी असते. लाल संयुगात निकेल ते नायट्रोजन अंतर सुमारे 1.85 आंगस्ट्रॉम असतं. अष्टफलकी अमोनिया संयुगात ते 2.1 च्या पुढे जातं, कारण तिथे लिगंडकडे तोंड असलेल्या वरच्या खोल्यांत इलेक्ट्रॉन राहतात आणि लिगंडला जवळ येऊ देत नाहीत. आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, पण अनुभवी डोळा या आकड्यावरूनच सांगतो की हे संयुग चुंबकाला दाद देणार की नाही.

चुंबकत्व काट्यावर तोलायचं

जुनी पद्धत लुई जॉर्ज गुई या फ्रेंच शास्त्रज्ञाची, 1889 ची. काचेच्या लांब नळीत पावडर ठासून भरायची. नळी संवेदनशील तराजूला अशी टांगायची की तिचं खालचं टोक चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मधोमध येईल आणि वरचं टोक क्षेत्राबाहेर राहील. आधी चुंबक नसताना वजन घ्यायचं, मग असताना. समचुंबकीय पावडर खाली ओढली जाते आणि काटा वजन वाढल्याचं दाखवतो. प्रतिचुंबकीय पावडर थोडी हलकी झाल्यासारखी दिसते. फरक मिलिग्रॅममधला असतो.

त्या फरकावरून एका निकेल अणूचं चुंबकीय आघूर्ण काढतात, म्हणजे तो अणू किती जोरदार चुंबक आहे हे सांगणारा आकडा. हिशेब साधा आहे. एकटे इलेक्ट्रॉन किती, ती संख्या घ्या, तिला तिच्यापेक्षा दोनने मोठ्या संख्येने गुणा आणि वर्गमूळ काढा. निकेलकडे दोन एकटे, म्हणून दोन गुणिले चार, आठ, वर्गमूळ 2.83. एकक बोर मॅग्नेटॉन.

प्रत्यक्षात अष्टफलकी निकेल 2.9 ते 3.3 च्या दरम्यान आकडा देतो आणि चतुष्फलकी त्याहून जास्त, अनेकदा 3.5 ते 4 च्या आसपास. जास्तीचा वाटा येतो तो इलेक्ट्रॉनाच्या अणुकेंद्राभोवतीच्या फिरण्यातून. चतुष्फलकात वरच्या तीन खोल्या एकाच मजल्यावर असतात आणि त्यांपैकी कुणात जोडी राहायची हे ठरलेलं नसतं, म्हणून इलेक्ट्रॉनाला खोली बदलत फिरायला वाव मिळतो. अष्टफलकात ती मुभा जवळजवळ नाही. आणि चौरसाचा आकडा शून्य. म्हणजे स्फटिक न मिळवता, रेणूकडे न पाहता, नुसत्या तराजूवरून आकाराचा अंदाज येतो. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वात सुंदर वाटते.

आज गुईचा तराजू बहुतेक शिकवण्यापुरता उरला आहे. द्रावणासाठी एनएमआरवर आधारलेली इव्हान्सची 1959 ची युक्ती वापरतात आणि संशोधनासाठी स्क्विड नावाचं अतिवाहक यंत्र. ते खोलीच्या तापमानापासून 2 केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे 271 अंशांपर्यंत मोजमाप करतं. यंत्र इतकं संवेदनशील की नमुना स्टीलच्या चमच्याने उचलला आणि लोखंडाचा डोळ्यांना न दिसणारा कण त्यात पडला तरी आकडे बिघडतात. म्हणून जाणकार प्लास्टिकचा चमचा वापरतात.

‘मग क्ष-किरण कशाला? तराजू पुरेसा नाही का?’

काही काळ बऱ्याच जणांना असंच वाटत होतं. 1931 मध्ये लायनस पॉलिंगने नियम मांडला: चार लिगंड असलेला निकेल प्रतिचुंबकीय असेल तर तो चौरस. नियम उत्तम होता, पण लोक त्याचा उलटा अर्थ लावू लागले. सूत्रात चार जागा भरलेल्या दिसतात आणि संयुग समचुंबकीय आहे, म्हणजे चतुष्फलक असणारच, असं धरून चाललं.

निकेल ॲसिटाइलॲसिटोनेट हे या तर्काचं ठळक उदाहरण. हिरवी पावडर, दोन लिगंड, प्रत्येक दोन ऑक्सिजनांनी धरणारा, म्हणजे एकूण चार जागा. समचुंबकीय. चतुष्फलक म्हणून ते मान्यही झालं होतं. 1956 मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं की हा एकटा रेणू नाहीच. तीन निकेल एका ओळीत आहेत, शेजाऱ्यांचे ऑक्सिजन वाटून घेत आहेत, आणि प्रत्येक निकेलभोवती सहा ऑक्सिजन आहेत. म्हणजे सगळे अष्टफलकी! लिगंडच्या टोकांना मिथिलऐवजी फुगीर गट लावले तर हे त्रिकूट जवळ येऊ शकत नाही, आणि संयुग लाल, चौरस आणि प्रतिचुंबकीय होतं. खरा चतुष्फलकी निकेल पक्का सिद्ध झाला तो 1958-59 च्या सुमारास, व्हेनान्झीच्या फॉस्फिन संयुगांतून आणि गिल व नायहोल्म यांच्या निळ्या क्लोराइड क्षारांतून.

उलट, फक्त क्ष-किरणांनीही भागत नाही. अणू कुठे आहेत ते कळतं, पण त्यांचे स्पिन एकमेकांशी काय बोलतात ते कळत नाही. म्हणून शीर्षकात तिन्ही शब्द लागतात.

दोन्हींची गरज एका जुन्या संयुगात छान दिसते. 1897 मध्ये के. ए. हॉफमनने निकेल सायनाइड, अमोनिया आणि बेंझिन यांचं एक स्फटिकी संयुग मिळवलं. त्यात सायनाइडच्या पुलांनी जोडलेले निकेलचे थर आहेत आणि मधल्या पोकळ्यांत बेंझिन अडकलेलं असतं. सायनाइडचं एक टोक कार्बन, दुसरं नायट्रोजन. कार्बनच्या बाजूचा निकेल चौरसात, प्रतिचुंबकीय. नायट्रोजनच्या बाजूच्या निकेलला चार नायट्रोजन आणि वर-खाली दोन अमोनिया, म्हणून तो अष्टफलकी आणि समचुंबकीय. एकाच स्फटिकातले अर्धे निकेल चुंबकाला दाद देतात, अर्धे देत नाहीत. धातू आणि पुलांच्या अशा पोकळ चौकटींचं शास्त्र पुढे फार वाढलं. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना अशाच धातू-सेंद्रिय चौकटींसाठी मिळालं.

दोन निकेल जवळ आणले तर

आता मघाचा राहिलेला प्रश्न. दोन निकेल एका ऑक्सिजनने किंवा अझाइडने जोडले की दोघांचे एकटे इलेक्ट्रॉन त्या पुलामार्फत एकमेकांची दिशा ठरवतात. दोघांचे स्पिन एकाच दिशेला राहिले तर जोडीचं चुंबकत्व वाढतं. उलट दिशेला राहिले तर पुरेशा थंडीत ते नाहीसं होतं.

काय होणार ते बऱ्याच अंशी पुलाच्या कोनावर ठरतं. निकेल-ऑक्सिजन-निकेल कोन काटकोनाच्या जवळ असेल तर स्पिन एकाच दिशेला राहण्याकडे कल असतो. कोन सरळ रेषेकडे उघडत गेला की उलट दिशेकडे. काटकोनात दोन निकेलांचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या दोन वेगळ्या खोल्यांशी जोडलेले असतात, त्यामुळे जोडी करण्याची सक्ती नसते. सरळ रेषेत ते एकाच खोलीसाठी समोरासमोर येतात, आणि एका खोलीत दोघे म्हटलं की स्पिन उलटेच लागतात. हे नियम गुडइनफ आणि कानामोरी यांच्या नावाने ओळखले जातात. गुडइनफ म्हणजे तेच, ज्यांना 2019 मध्ये लिथियम-आयन बॅटरीसाठी 97 व्या वर्षी नोबेल मिळालं.

अझाइडमध्ये हा नियम हाताशी येतो. तीन नायट्रोजनांची ही सरळ काडी दोन निकेलांना एकाच टोकाच्या नायट्रोजनने जोडते तेव्हा स्पिन बहुधा एका दिशेला राहतात. दोन्ही टोकांनी एकेक निकेल धरते तेव्हा बहुधा उलट. म्हणून रसायनशास्त्रज्ञ कोन बदलण्यासाठी लिगंडला इथे एक गट लाव, तिथे एक काढ, असा खेळ करत राहतात. एकाच प्रकारची पाच-सहा संयुगं बनवायची, प्रत्येकात कोन दोन-तीन अंशांनी वेगळा, आणि चुंबकत्व कसं सरकतं ते पाहायचं. कंटाळवाण्या दिसणाऱ्या शीर्षकांचे लेख हेच करत असतात.

आलेख खाली वळला म्हणजे काय समजायचं?

पिअर क्युरीने 1895 मध्ये दाखवलं की समचुंबकीय पदार्थ थंड केला की त्याची चुंबकाला मिळणारी दाद त्याच प्रमाणात वाढते. म्हणून ती दाद गुणिले तापमान हा गुणाकार, एकटेदुकटे निकेल असतील तर, साधारण कायम राहतो. आलेख आडवी रेषा. शेजारी स्पिन उलटे होत असतील तर थंडीत हा गुणाकार घसरतो. एका दिशेला येत असतील तर वर चढतो. निकेल ॲसिटाइलॲसिटोनेटच्या त्रिकुटात तो खाली थंडीत चढतो, कारण लगतचे निकेल एकाच दिशेला राहतात.

इथे एक खड्डा आहे, आणि त्यात बरेच जण पडतात. अष्टफलक जरा दबलेला किंवा ताणलेला असेल तर एकट्या निकेलमध्येही स्पिनची काही दिशांना पसंती तयार होते, आणि तेवढ्यानेच 20 केल्व्हिनच्या खाली आलेख वाकतो. शेजारी कुणीच नसतो! म्हणजे घसरण दिसली की ‘निकेल एकमेकांशी बोलतात’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं. दोन्ही परिणाम एकत्र असतील तर एकाच गुळगुळीत वक्रात तीन-चार आकडे बसवावे लागतात, आणि इतके आकडे हाताशी असले की कुठलाही वक्र जुळतो. माझ्या मते अशा लेखाचा कस इथेच लागतो: लेखकांनी फक्त वक्र जुळवला आहे, की जोरदार चुंबकीय क्षेत्रातलं मोजमाप, ईपीआर (एकट्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन थेट तपासणारं तंत्र) वर्णपट, अशा स्वतंत्र मार्गांनी आकडे तपासले आहेत? फक्त जुळलेला वक्र असेल तर मी दशांश चिन्हानंतरचे आकडे गांभीर्याने घेत नाही.

‘एवढं करून उपयोग काय?’

रास्त प्रश्न. ‘उद्या याची हार्ड डिस्क होईल’ हे उत्तर मी देणार नाही. स्वतःची चुंबकीय दिशा धरून ठेवणारे निकेलचे रेणू बनले आहेत, पण ते फक्त काही केल्व्हिनच्या थंडीत, आणि बहुधा क्षणिक.

पण एक उदाहरण असं आहे की त्याने भौतिकशास्त्रातला वाद मिटवायला मदत केली. 1983 मध्ये डंकन हॉल्डेनने भाकीत केलं: स्पिन 1 असलेल्या चुंबकांची लांब साखळी अर्ध्या स्पिनच्या साखळीपेक्षा मुळातच वेगळी वागेल, तिला उत्तेजित करायला ठरावीक किमान ऊर्जा लागेल. अनेकांना हे पटलं नव्हतं. तपासायला स्पिन 1 ची साखळी हवी होती, शिवाय एक साखळी दुसरीपासून नीट अलग हवी. दोन एकटे इलेक्ट्रॉन म्हणजे बरोबर स्पिन 1, म्हणून निकेल सोयीचा. इथिलिनडायअमीनने चार बाजूंनी धरलेले निकेल, त्यांना ओळीत जोडणारे नायट्राइट आणि साखळ्यांच्या मध्ये परक्लोरेट: या संयुगावर 1987 मध्ये न्यूट्रॉनांचा मारा करून ती किमान ऊर्जा दिसली. हॉल्डेनला 2016 चं भौतिकशास्त्राचं नोबेल थाउलेस आणि कोस्टरलिट्झ यांच्याबरोबर मिळालं, त्यात या भाकिताचाही वाटा होता. त्या संयुगातलं इथिलिनडायअमीन म्हणजे परीक्षानळीत द्रावण जांभळं करणारा मघाचाच लिगंड.

जीवशास्त्रातही निकेल आहे. युरिएज हे युरियाचे तुकडे करणारं विकर जेम्स सम्नरने 1926 मध्ये स्फटिकरूपात मिळवलं. स्फटिक झालेलं ते पहिलं विकर. त्यात निकेल असल्याचं कळायला 1975 उजाडलं. युरियाचा रेणू तोडला जातो तो एकमेकांजवळच्या दोन निकेलांच्या जागी. ही जागा नेमकी कशी काम करते हे समजून घ्यायला रसायनशास्त्रज्ञ पुलाने जोडलेल्या दोन निकेलांची छोटी संयुगं बनवतात.

आणि आकार बदलून चुंबकत्व चालू-बंद करण्याची कल्पना? तीही प्रत्यक्षात आली आहे. जर्मनीतल्या कील विद्यापीठात रायनर हेर्गेस यांच्या गटाने 2011 मध्ये निकेलचं एक पॉर्फिरिन संयुग दाखवलं; पॉर्फिरिन म्हणजे चार नायट्रोजनांनी धातूला धरणारी सपाट चौकट. निकेल चौरसात, प्रतिचुंबकीय. चौकटीला एक हात जोडलेला, आणि त्याच्या टोकाला निकेलला धरू शकणारा नायट्रोजन. 500 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश टाकला की हात वळतो, नायट्रोजन वरून निकेलवर बसतो, वर-खालच्या आणि बाजूच्या खोल्यांमधलं अंतर कमी होतं, दोन इलेक्ट्रॉन जोडी सोडून वेगळे होतात आणि निकेल समचुंबकीय होतो. 435 नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशात हात मागे फिरतो आणि चुंबकत्व बंद. द्रावणात, खोलीच्या तापमानाला, हवेत, दहा हजारांवर वेळा. एमआरआयमध्ये प्रतिमा ठळक करणारा, प्रकाशाने चालू होणारा पदार्थ म्हणून याचा विचार होतो, कारण समचुंबकीय रेणू आजूबाजूच्या पाण्याचा संकेत बदलतात. दोन अडचणी मात्र आहेत. असा प्रकाश शरीरात फार खोल जात नाही; आणि दोन एकट्या इलेक्ट्रॉनांचा निकेल हा संकेत बदलण्यात एमआरआयमध्ये याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या, सात एकट्या इलेक्ट्रॉनांच्या गॅडोलिनियमपुढे बराच कमी पडतो.